माणसे घडविणारा कारखानदार

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रंगांधत्वाचा दोष ध्यानात आला आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तोच विषय शिकविला. मात्र अपेक्षित बढती अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाल्याने त्यांनी नोकरीचा त्याग केला.

वर्ग सुटला, तरी शिकविणे सुटले नाही. १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळेची पायरीही न चढलेल्या खेडुतांना त्यांनी भट्टी आणि लेथ हाताळण्यास शिकविले. लोखंडी नांगर घडता घडता तेथे कारागीरही घडले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.