जीवनसत्त्व ‘के’चे शोधक : हेन्रिक डाम

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे २१ फेब्रुवारी १८९५ रोजी हेन्रिक डाम यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, आई शिक्षिका. १९२० मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते पुढे कोपनहेगन विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले.

१९२८ च्या सुमारास त्यांनी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग सुरू केले. खाद्यातून कोलेस्टेरॉल मिळाले नाही, तर पिल्लू ते शरीरात तयार करू शकते का, एवढेच पाहायचे होते. त्यासाठी खाद्यातील स्निग्धांश जवळजवळ पूर्ण काढून टाकला. पिल्ले कोलेस्टेरॉल तयार करू शकतात, हे सिद्ध झाले. पण काही आठवड्यांनी काही पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंमध्ये रक्त साकळू लागले. तपासले, तर त्यांचे रक्त फार उशिरा गोठत होते.

मूळ प्रश्न सुटला होता, तरी डाम यांनी या रक्तस्रावाचा पाठपुरावा सोडला नाही. स्कर्व्हीसारखा आजार असेल म्हणून जीवनसत्त्व ‘सी’ दिले. गुण आला नाही. कोलेस्टेरॉल आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊनही उपयोग झाला नाही. हिरव्या पानांत आणि डुकराच्या यकृतात मात्र रक्तस्राव रोखणारा घटक भरपूर सापडला. रक्त गोठण्याच्या क्रियेला डॅनिश व जर्मन भाषांत असलेल्या शब्दाच्या आद्याक्षरावरून १९३५ मध्ये त्यांनी त्याला ‘के’ हे नाव दिले. १९३९ मध्ये लसूणघासातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, तेव्हा डाम मायदेशाबाहेर होते. युद्धाची वर्षे त्यांनी अमेरिकेत संशोधनात घालवली. १९४३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डाम आणि डॉइझी यांना विभागून मिळाले. १९४६ मध्ये ते कोपनहेगनला परतले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

जीवनसत्त्व ‘के’ स्वतः रक्त गोठवत नाही. यकृतात तयार होणाऱ्या क्रमांक २, ७, ९ आणि १० या रक्त गोठवणाऱ्या घटकांना ते कॅल्शियम धरून ठेवण्याची क्षमता देते. ही क्षमता नसेल, तर हे घटक असून नसल्यासारखे. पालक, मेथी, कोबी यांतून मोठ्यांना ते सहसा पुरेसे मिळते. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्याने पित्तमार्ग अडलेल्या कावीळग्रस्तांच्या आतड्यात नीट शोषले जात नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध याच जीवनसत्त्वाला अडवते. म्हणून ते घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू वा कमी करू नये.

खरा धोका नवजात बाळाला असतो. वारेतून त्याला हे जीवनसत्त्व फार थोडे मिळते, आईच्या दुधातही ते कमीच असते. आईचे दूध सर्वोत्तमच. ही एक उणीव मात्र बाहेरून भरावी लागते. अन्यथा पहिल्या काही महिन्यांत, वरवर धडधाकट दिसणाऱ्या बाळाच्याही मेंदूत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. जन्मानंतर लगेच मांडीत दिले जाणारे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन हा धोका जवळजवळ पूर्ण टाळते. एवढ्याशा जिवाला सुई कशाला, असे वाटले तरी पालकांनी त्याला नकार देऊ नये.