इंदूरच्या कॉलेजातला किशोर

बेटम्याहून इंदूरला कॉलेजसाठी जाणारी मुले आपल्यापैकी बहुतेक घरांत आहेत किंवा होती. अभ्यास, परीक्षा सगळे असते. पण मधूनच एखादी गाण्याची मैफल, एखादा नवा सिनेमाही असतो. मुलगा घरी येतो तो तेच गाणे गुणगुणत. चार दिवस त्याला दुसरे काही सुचत नाही. मग घरातली वडीलधारी मंडळी विचारतात की यातून पोटाला काय मिळणार? आम्ही आयुष्यभर जमा-खर्च लिहिणारी माणसे, त्यामुळे हा प्रश्न आम्हीही पुष्कळदा विचारला आहे. त्याचे एक उत्तर आपल्या इंदूरमध्येच, सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या गोष्टीत आहे. तो विद्यार्थी म्हणजे किशोरकुमार. माळवा-निमाडचा मुलगा, म्हणून त्याला एकेरी संबोधण्याचा हक्क आम्ही घेतो.

त्याचे खरे नाव आभासकुमार गांगुली. जन्म ४ ऑगस्ट १९२९, खांडवा. वडील कुंजलाल वकील, आई गौरीदेवी. चार भावंडांत हा धाकटा. थोरले अशोककुमार त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठे. १९३६ मध्ये 'अछूत कन्या' आला, तेव्हा आभास सात वर्षांचा होता, म्हणजे कळू लागल्यापासून त्याने आपला भाऊ पडद्यावर पाहिला. पण त्याचे दैवत भाऊ नव्हता. ते होते कुंदनलाल सैगल. सैगलांची गाणी ऐकायची आणि हुबेहूब तशीच म्हणायची, हा त्याचा लहानपणापासूनचा छंद. घरी कोणी उस्ताद शिकवायला येत नव्हता. रेकॉर्ड आणि सिनेमा, हेच त्याचे गुरुकुल.

१९४६ मध्ये तो इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाला आणि वसतिगृहात राहू लागला. १८८७ मध्ये स्थापन झालेले हे जुने कॉलेज. खांडवा ते इंदूर तेव्हा मीटर गेजची गाडी होती, काळाकुंड-पाताळपाणीचा घाट चढून येणारी. त्या काळचे इंदूर म्हणजे होळकरांचे संस्थान. दरबारी गवयांची परंपरा इथे होती, देवासला रजब अली खाँसाहेब होते, आणि शहरात चित्रपटगृहेही होती. सैगलांचा 'शाहजहाँ' १९४६ चाच. सतरा वर्षांच्या, गाण्याने झपाटलेल्या मुलाला आणखी काय हवे?

त्याच्या कॉलेजच्या दिवसांच्या गोष्टी इंदूरमध्ये अजून सांगितल्या जातात. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली मित्रांना जमवून तो गायचा. प्राध्यापकांच्या, नटांच्या, गायकांच्या नकला करायचा. वर्गात बाकावर तबला वाजवला म्हणून एकदा नागरिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला झापले, तर यावरच पुढे पोट भरणार असल्याचे त्याने त्यांना नम्रपणे कळवले. आणि कँटीनची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. त्याची उधारी पाच रुपये बारा आण्यांवर गेली. मालक पैसे मागे, की हा त्याच रकमेचे गाणे करून टेबलावर ताल धरी. पुढे १९५८ च्या 'चलती का नाम गाड़ी' मध्ये हीच रक्कम गाण्यात येऊन देशभर पोचली. बँकेच्या भाषेत हे थकीत कर्ज. पण ज्या कर्जाने कँटीनचे नाव सत्तरएक वर्षे टिकवले, ते बुडीत खाती टाकायचे की नाही, हे आम्हाला आजवर ठरवता आलेले नाही.

या सगळ्या खोडकरपणात एक गोष्ट मात्र वेगळी आहे. हा मुलगा मित्रांत मोकळा, पण रंगमंचावर लाजाळू. कॉलेजच्या कार्यक्रमात तो पडद्याआडून गायचा, असे सांगतात. समोर बसलेल्या लोकांची त्याला भीती वाटे. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. ज्याने गाणे नेहमी दुसऱ्याचे म्हणून ऐकले, दुसऱ्याच्या आवाजात म्हटले, त्याला स्वतःचा चेहरा घेऊन लोकांपुढे उभे राहणे जड जाणारच.

१८ जानेवारी १९४७ रोजी सैगल गेले. किशोर तेव्हा इंदूरला शिकत होता. ज्यांची नक्कल करीत तो वाढला, तो आवाजच थांबला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याने इंदूर सोडून मुंबई गाठली. योगायोग असा, की त्याच १९४८ मध्ये कुमार गंधर्व आजारपणामुळे हवापालटासाठी देवासला आले. तेही लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवत. नकलेपासून सुरुवात केलेला एक गायक माळव्यातून गेला आणि दुसरा माळव्यात आला. दोघांपुढे प्रश्न एकच होता. उसन्या आवाजातून आपला आवाज कसा काढायचा?

मुंबईत 'जिद्दी' (१९४८) साठी खेमचंद प्रकाश यांनी त्याला देव आनंदसाठी गायला लावले. ते गाणे ऐकताना सैगलांचीच आठवण होते. याच चित्रपटात त्याने लताबाईंबरोबर पहिले द्वंद्वगीत गायले. लताबाई जन्माने इंदूरच्या आणि त्याच वर्षीच्या, किशोरहून जेमतेम आठ आठवड्यांनी लहान. पुढे सचिनदेव बर्मन यांनी अशोककुमारांच्या घरी किशोरला सैगलांच्या ढंगात गाताना ऐकले. त्यांनी कौतुक केले, पण नक्कल सोडून स्वतःचे गाणे शोधायला सांगितले. शाबासकी आणि इशारा एकदमच मिळाला. त्याने तो ऐकला. परदेशी गायकांच्या रेकॉर्डींवर ऐकलेले यॉडलिंग, म्हणजे गळ्याने अचानक वरच्या आवाजात उडी घेण्याची ती तऱ्हा, त्याने आपल्या गाण्यात आणली, आणि ती त्याची ओळख झाली.

नकलेची जुनी सवय वाया गेली नाही. 'हाफ टिकट' (१९६२) मध्ये एकाच गाण्यात त्याने पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज काढले. 'झुमरू' ला स्वतः संगीत दिले. 'दूर गगन की छाँव में' दिग्दर्शित केला. तरीही पार्श्वगायक म्हणून खरा मान मिळायला 'आराधना' (१९६९) यावा लागला. तेव्हा तो चाळिशीला पोचला होता. पुढे आठ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. इंदूर सोडल्यापासून 'आराधना' पर्यंत एकवीस वर्षे गेली. मुलांकडून लगेच हिशेब मागणाऱ्या आम्हा पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सैगलांबद्दलचा आदर शेवटपर्यंत राहिला. त्यांची गाणी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करण्याचा प्रस्ताव त्याने नाकारला, असे सांगतात. आपण त्यांच्याहून चांगले गायलो असे कोणी म्हणेल, ही शक्यताही त्याला नको होती. तसाच दुसरा नकार १९७६ मधला. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी गायला त्याने नाही म्हटले, तर आकाशवाणीने त्याची गाणी बंद केली. रंगमंचाला भिणारा हा मुलगा त्या वेळी मात्र भ्याला नाही.

रंगमंचाची भीतीही हळूहळू ओसरली. उत्तरायुष्यात त्याने देश-विदेशात मोठमोठे कार्यक्रम केले आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःची ओळख खांडव्याचा म्हणूनच करून दिली. पडद्याआडून गाणाऱ्या मुलाला लोकांपुढे येताना गावाच्या नावाचा आधार लागला असावा, असे आम्हाला वाटते. मराठीतही तो गायला. १९८७ च्या 'गंमत जंमत' मधले त्याचे आणि अनुराधा पौडवाल यांचे गाणे आपल्या कार्यक्रमांत अजूनही फर्माइशीने होते.

मुंबई सोडून खांडव्याला परत यायचे, हे तो वारंवार बोलून दाखवी. ते जिवंतपणी झाले नाही. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी, अशोककुमारांच्या वाढदिवशीच, तो मुंबईत गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार खांडव्याला झाले. तिथे त्याची समाधी आहे. मध्य प्रदेश सरकार त्याच्या नावाने पुरस्कार देते.

प्रत्येक मुलाचा किशोरकुमार होणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण कॉलेजच्या वयात जे कान भरून ऐकले जाते, डोळे भरून पाहिले जाते, त्याची पावती ताबडतोब मिळत नाही. तेव्हा आपला नातू रात्री उशिरा इंदूरहून कार्यक्रम ऐकून आला, तर यातून काय मिळणार हे विचारण्याआधी एवढे विचारावे, की आज काय ऐकलेस? आणि तो गाऊन दाखवू लागला, तर जरा बसून ऐकावे.