चेंडूचे जाळे आणि भास्कराचार्य

खजुराचे रिकामे खोके आपल्या ओमानमधल्या प्रत्येक घरात सापडते. ते कडांवर उलगडले की सपाट पुठ्ठा होतो. मराठी शाळेच्या पुस्तकांत याला घडणी म्हणतात. सहा आयतांची क्षेत्रफळे मिळवली की खोक्याचे पृष्ठफळ मिळते. मस्कतमध्ये ओळखीच्या मुलांना मी गणित शिकवतो ते असेच. मात्र चेंडू कसा उलगडायचा, असे एखाद्याने विचारले की मला भास्कराचार्यांची गोष्ट सांगावी लागते.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील ‘लीलावती’ची सुरुवात गजाननाला वंदन करून होते.

‘लीलावती’त ते सांगतात की वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. चेंडूवर सगळीकडून जाळे चढवावे, तसे ते क्षेत्र असते. व्यास ७ असेल तर पृष्ठफळ साधारण १५४ येते.

पण नुसते सूत्र देऊन ते थांबले नाहीत. लल्ल या आधीच्या मोठ्या ज्योतिषाचार्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणण्याचा नियम दिला होता. तो चूक असल्याचे भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहिले. नाव मोठे म्हणून नियम खरा, हे त्यांना मान्य नव्हते. आवळ्यावर रेषा असतात तशा रेषा गोलावर काढायच्या, एका फोडीचे क्षेत्रफळ काढायचे आणि सगळ्या फोडींचे मिळून किती ते पाहायचे, अशी उपपत्ती त्यांनी ‘गोलाध्याया’त दिली. उत्तर येते परिघ गुणिले व्यास. चेंडू खोक्यासारखा सपाट होत नाही, पण फोडी जितक्या बारीक, तितके उत्तर अचूक. कॅल्क्युलसच्या कितीतरी आधीचा हा विचार!

वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही कथा मात्र लोकांच्या तोंडी आलेली. त्यांच्या ग्रंथात ती नाही.

पुढची गोष्ट मला आपणा परदेशस्थांसाठी फार मोलाची वाटते. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांनी यादवांच्या दरबारी ही विद्या चालवली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ सालच्या दानाचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली.

ग्रंथ टिकले ते घरच्यांनी शिकवले म्हणून. सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना पाटणादेवीला जरूर न्या. आणि सूत्र पाठ करण्याआधी त्यांना एक संत्रे सोलायला द्या!