युरियाची वाट मोकळी करणारा कार्ल बॉश

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपली की कृषी केंद्रांपुढे युरियासाठी गर्दी सुरू होते. हे पांढरे दाणे कारखान्यात तयार होऊ शकले, त्यात मोठा वाटा कार्ल बॉश या जर्मन रसायनतज्ज्ञाचा आहे.

बॉश २७ ऑगस्ट १८७४ रोजी कोलोनला जन्मले. धातुशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून ते १८९९ मध्ये ‘बीएएसएफ’ कंपनीत लागले. युरिया प्रयोगशाळेत बनतो, हे व्होलरने १८२८ सालीच दाखवले होते. पण स्वस्त अमोनियाशिवाय त्याचे पोते भरणार कसे? हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये टेबलावर दाखवली. ती कारखान्यात उतरवणे बॉश यांच्या वाट्याला आले.

अडचण पोलादाची होती. प्रचंड दाबाखाली तापलेला हायड्रोजन पोलादातील कार्बन खाई आणि नळ्या फुटत. बॉश यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या पोलादी नळीला बारीक भोके पाडली. अस्तरातून झिरपणारा हायड्रोजन निमूट बाहेर पडू लागला. उपाय लोहाराला सुचावा इतका साधा! १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

लगेच महायुद्ध आले आणि अमोनिया दारूगोळ्याकडे वळला. धान आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी शेजारी नांदवणाऱ्या भंडाऱ्याला नायट्रोजनची ही दोन रूपे नवी नाहीत. २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊत घट्ट झालेले खत सुरुंगाने फोडताना साठाच उडाला. पाचशेहून अधिक माणसे गेली. ते खत युरिया नव्हते, अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचे मिश्रण होते.

पुढच्याच वर्षी तिथे युरियाचे उत्पादन सुरू झाले. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली तापवले की आधी कार्बामेट बनते, त्यातून पाणी निघाले की युरिया. आपल्या अलिबागजवळच्या थळ कारखान्यातही मूळ क्रिया हीच आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असते. मात्रा वाढली की धान लुसलुशीत होते आणि तुडतुडे बोलावते. उरलेला नायट्रोजन नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. असे पाणी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवते.

बॉश यांना १९३१ मध्ये बर्गियुस यांच्यासोबत नोबेल मिळाले. हिटलर आल्यावर ज्यू शास्त्रज्ञांना काढण्याला त्यांनी विरोध केला, तरी त्यांची कंपनी सरकारसाठी कृत्रिम पेट्रोल बनवतच राहिली. खचलेले, दारूत बुडालेले बॉश २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्गला वारले.