विल्बर्ट ऑड्री

रेव्हरंड विल्बर्ट व्हिअर ऑड्री (१५ जून, १९११:ॲम्पफील्ड, हॅम्पशायर, इंग्लंड - २१ मार्च, १९९७:रॉडबरो, ग्लॉस्टरशायर, इंग्लंड) हे इंग्लिश धर्मोपदेशक, बालसाहित्यिक आणि हौशी रेल्वे प्रतिकृतीकार होते. थॉमस या निळ्या टँक इंजिनाचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. १९४५ ते १९७२ या काळात त्यांनी रेल्वे सीरीज या मालेतील २६ पुस्तके लिहिली. या कथांसाठी त्यांनी सोडोर नावाच्या काल्पनिक बेटाची आणि त्यावरील लोहमार्गांची तपशीलवार आखणी केली. त्या बेटावरील फार्कर शाखामार्गाची चालती प्रतिकृतीही त्यांनी स्वतः तयार केली होती.

सुरुवातीचे जीवन

ऑड्री यांचे वडील व्हिअर ऑड्री हे ॲम्पफील्ड येथील चर्चचे व्हिकर होते. विल्यम आणि हर्बर्ट या आपल्या दोन आवडत्या भावांच्या नावांचे अंश जोडून त्यांनी मुलाचे नाव विल्बर्ट ठेवले. त्यांनाही रेल्वेचे वेड होते. व्हिकरच्या निवासाच्या बागेत त्यांनी सुमारे ४० यार्ड लांबीची प्रतिकृती रेल्वे मांडली होती. विल्बर्ट यांचे धाकटे बंधू जॉर्ज यांचा जन्म १९१६ साली झाला.

१९१७ साली हे कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स या गावी राहण्यास गेले. तेथील त्यांचे एक घर ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या बॉक्स बोगद्याच्या पश्चिम मुखापासून सुमारे २०० यार्डांवर होते. तेथे १०० फुटांस १ फूट असा चढ असल्यामुळे जड मालगाड्यांना मागून जोर देण्यासाठी एक बँकर इंजिन तैनात असे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऑड्री या दोन इंजिनांचे फुत्कार आणि शिट्ट्या ऐकत असत. ती एकमेकांशी बोलत आहेत, असे त्यांना वाटे. पुढे त्यांच्या कथांतील इंजिने बोलू लागली, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

शिक्षण आणि धर्मसेवा

ऑड्री यांचे शालेय शिक्षण विल्टशायरमधील डॉन्टसीज स्कूल येथे झाले. १९३२ साली त्यांनी ऑक्सफर्ड येथील सेंट पीटर्स हॉलमधून पदवी घेतली, तर १९३३ साली विक्लिफ हॉलमधून धर्मशास्त्राची पदविका मिळवली. १९३३ ते १९३६ अशी तीन वर्षे ते जेरुसलेम येथील सेंट जॉर्ज स्कूलमध्ये शिक्षक होते. १९३६ साली त्यांना धर्मदीक्षा मिळाली. १९३८ साली मार्गारेट वेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना क्रिस्टोफर, व्हेरोनिका आणि हिलरी ही तीन अपत्ये झाली.

ऑड्री हे शांततावादी होते. दुसरे महायुद्ध जवळ येऊन ठेपले असताना आणि ते सुरू झाल्यावरही त्यांनी युद्धाला नैतिक पाठिंबा देण्याचे नाकारले. या भूमिकेमुळे त्यांना सहायक धर्मोपदेशकाचे पद गमवावे लागले. १९४० साली बर्मिंगहॅमजवळील किंग्ज नॉर्टन येथे त्यांना पुन्हा काम मिळाले. तेथे ते १९४६ पर्यंत होते. त्यानंतर १९५३ पर्यंत केंब्रिजशायरमधील एल्सवर्थ व नॅपवेल या गावांचे रेक्टर आणि १९५३ ते १९६५ या काळात नॉरफोकमधील एम्नेथचे व्हिकर म्हणून त्यांनी काम पाहिले.

कथांचा आरंभ

किंग्ज नॉर्टन येथे असताना क्रिस्टोफरला गोवर आला. आजारी मुलाचे मन रमवण्यासाठी ऑड्री त्याला इंजिनांच्या गोष्टी सांगू लागले. तीच गोष्ट पुन्हा सांगताना एखादा तपशील बदलला, तर मुलगा लगेच हरकत घेत असे. त्यामुळे ऑड्री यांनी पाठकोऱ्या कागदांवर गोष्टी उतरवून ठेवण्यास सुरुवात केली. मार्गारेट यांच्या आग्रहामुळे त्या प्रकाशकापर्यंत पोहोचल्या आणि १९४५ साली द थ्री रेल्वे इंजिन्स हे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

याच काळात ऑड्री यांनी क्रिस्टोफरसाठी लाकडी इंजिने बनवली. गॉर्डनसारखे मोठे इंजिन करण्याएवढे सामान हाताशी नसल्यामुळे त्यांनी एक लहान टँक इंजिन तयार केले. तेच थॉमस होय. त्या निळ्या खेळण्यावर त्यांनी कुठेही नसलेली रेल्वे अशा विनोदी अर्थाने एन आणि डब्ल्यू ही दोन अक्षरे रंगवली होती. पुढे सोडोरला निश्चित भूगोल मिळाला, तेव्हा ही अक्षरे नॉर्थ वेस्टर्न रेल्वे या नावाची आद्याक्षरे ठरली. थॉमस द टँक इंजिन हे मालेतील दुसरे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले.

सोडोर बेटाची आखणी

सुरुवातीच्या पुस्तकांतील लोहमार्ग नेमका कोठे आहे, हे ठरलेले नव्हते. चित्रकार बदलत गेले, तशी इंजिनांची व ठिकाणांची रूपेही बदलत गेली. बालवाचक या विसंगती पत्रांद्वारे लेखकाच्या निदर्शनास आणून देत. घरात क्रिस्टोफरने घेतलेली हरकत आता असंख्य मुले घेऊ लागली होती. आपल्या कथांतील प्रत्येक घटना प्रत्यक्ष रेल्वेवर घडू शकेल अशीच असावी, असा ऑड्री यांचा कटाक्ष होता. अनेक कथांचा आधार त्यांनी रेल्वेविषयक नियतकालिकांत वाचलेल्या खऱ्या घटना हा होता. त्यामुळे घटनांइतकाच स्थळांचाही तपशील चोख असावा, असे त्यांना वाटू लागले.

१९५० साली ऑड्री चर्चच्या कामासाठी आइल ऑफ मॅन येथे गेले. त्या बेटाचा धर्मप्रांत सोडोर अँड मॅन या नावाने ओळखला जातो. मॅन हे बेट अस्तित्वात आहे, परंतु सोडोर नावाचे बेट नाही, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सोडोर हे नाव दक्षिणेकडील बेटे या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आले असून ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांना उद्देशून वापरले जात असे. ती बेटे पुढे या धर्मप्रांतातून वेगळी झाली, मात्र नाव तसेच राहिले. जागा नसलेले हे नाव ऑड्री यांनी आपल्या रेल्वेसाठी निवडले.

त्यांनी सोडोर बेट आयरिश समुद्रात आइल ऑफ मॅन आणि इंग्लंडचा बॅरो-इन-फर्नेस परिसर यांच्या दरम्यान कल्पिले. या स्थानामुळे बेट ब्रिटिश रेल्वेच्या जाळ्याला पुलाने जोडता आले, तसेच समुद्रामुळे ते वेगळेही राहिले. लंडनमधील नॅशनल लिबरल क्लबचे ग्रंथपाल असलेले बंधू जॉर्ज या कामात त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून बेटाचे डोंगर, नद्या, खाणी, बंदरे, राजकीय इतिहास, घराणी आणि लोकभाषा यांची रचना केली. खनिज, मासळी आणि प्रवासी यांची वाहतूक कोठून कोठे होईल याचा विचार करून लोहमार्ग आखण्यात आले. हे सर्व संशोधन द आयलंड ऑफ सोडोर: इट्स पीपल, हिस्टरी अँड रेल्वेज या ग्रंथाच्या रूपाने १९८७ साली प्रसिद्ध झाले.

स्थळनामे

सोडोरवरील नावे ठरवताना ऑड्री बंधूंनी बेटाचा कल्पित इतिहास विचारात घेतला. बेटाची सुड्रिक ही भाषा आइल ऑफ मॅनच्या मँक्स भाषेची भगिनी मानली गेली. क्रॉंक या गावाचे नाव टेकडी या अर्थाच्या मँक्स शब्दावरून आले आहे. बॅलाहू या नावातील पहिला भाग मॅन बेटावरील अनेक गावांच्या नावांत आढळतो. डोंगरांच्या नावांत नॉर्स वळणाचा फेल हा शब्द येतो. काही नावे ऑड्री यांच्या स्वतःच्या परिचयाची आहेत. एल्सब्रिज आणि नॅपफर्ड या स्थानकांच्या नावांत एल्सवर्थ व नॅपवेल या त्यांच्या कार्यक्षेत्रातील गावांची छाया दिसते. बॅरोजवळील व्हिकर्सटाउन ही खरी वसाहत असून सोडोरवर तिच्याशी उच्चारसाम्य असलेले व्हिकार्सटाउन हे स्थानक आहे.

फार्कर शाखामार्ग

नॅपफर्डहून एल्सब्रिजमार्गे फार्करपर्यंत जाणारा मार्ग हा थॉमसचा शाखामार्ग होय. ऑड्री यांनी याच शाखेची प्रतिकृती उभारली. ही मांडणी ओओ प्रमाणाची, म्हणजे १ फुटास ४ मिलिमीटर या मापाची असून तिच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर होते. संपूर्ण बेट एका खोलीत मावणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांनी शाखेचे टोकाचे फार्कर स्थानक हा एकच भाग निवडला आणि मुख्य मार्ग, बंदर व इतर शहरे मांडणीच्या पलीकडे आहेत असे मानले. बेटाचा नकाशा आधीच निश्चित असल्यामुळे येथे येणारी प्रत्येक गाडी कोठून येते आणि कोठे जाते, हे ठरलेले होते.

मांडणीवर थॉमस, पर्सी, टोबी आणि डेझी यांच्या प्रतिकृती चालत असत. ऑड्री ही मांडणी प्रदर्शनांत नेऊन लोकांसमोर चालवत. रेल्वे मॉडेलर या मासिकातही त्यांनी तिच्याविषयी लेखन केले. निवृत्तीनंतरच्या काळात त्यांनी अल्फस्टेड रोड ही सोडोरवरीलच दुसऱ्या एका स्थानकाची मांडणी तयार केली.

प्रतिकृती रेल्वेच्या बाबतीत त्यांना एक कटू अनुभवही आला. १४ जून, १९५३ रोजी बीबीसीने हेन्री या इंजिनाची एक कथा प्रतिकृतींच्या साहाय्याने थेट प्रक्षेपित केली. सांधा योग्य प्रकारे न बदलल्यामुळे इंजिन रुळांवरून घसरले आणि ते उचलून ठेवणारा माणसाचा हात प्रेक्षकांना दिसला. या प्रकारामुळे ऑड्री नाराज झाले.

टॅलिलिन रेल्वे आणि वाफेच्या इंजिनांचे जतन

वेल्समधील टॅलिलिन ही नॅरोगेज रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवण्यास घेतली. अशा प्रकारे वाचवण्यात आलेली ती जगातील पहिली रेल्वे होय. १९५२ साली ऑड्री यांनी तेथे स्वयंसेवक गार्ड म्हणून काम केले. एकदा अल्पोपाहार विकणाऱ्या बाई स्थानकावरच असताना त्यांनी गाडी सोडण्याचा इशारा दिला. या प्रसंगावर त्यांनी पुढे एक कथा लिहिली. सोडोरवरील स्कार्लोई रेल्वे टॅलिलिनवर बेतलेली आहे. त्याचप्रमाणे कल्डी फेल येथील पर्वतीय रेल्वेसाठी वेल्समधील स्नोडन पर्वतीय रेल्वेचा आधार घेण्यात आला.

१९६०च्या दशकात ब्रिटनमधील अनेक शाखामार्ग बंद झाले. १९६८ साली ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य जाळ्यावरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपुष्टात आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एंटरप्रायझिंग इंजिन्स या पुस्तकात भंगारात निघालेले ऑलिव्हर हे इंजिन सोडोरवर आश्रय घेते. केवळ विसंगती दूर करण्यासाठी आखलेले बेट अशा रीतीने वाफेच्या इंजिनांचे आश्रयस्थान बनले. ऑड्री यांनी आपल्या पुस्तकांतून खऱ्या जतन रेल्वेंचीही वाचकांना ओळख करून दिली.

उत्तरायुष्य

१९६५ साली ऑड्री ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो येथे स्थायिक झाले. १९७२ साली ट्रॅमवे इंजिन्स हे त्यांचे मालेतील अखेरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८३ पासून क्रिस्टोफर यांनी ही माला पुढे चालवली आणि तीत १६ पुस्तकांची भर घातली. निर्मात्या ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांची थॉमसवरील दूरचित्रवाणी मालिका १९८४ साली सुरू झाली. या मालिकेमुळे थॉमसला जगभर प्रसिद्धी मिळाली, परंतु तिच्या पुढील भागांतील काही प्रसंग रेल्वेच्या नियमांशी विसंगत असल्याची तक्रार ऑड्री यांनी केली होती.

मार्गारेट यांचे १९८९ साली निधन झाले. १९९६ साली ऑड्री यांना ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर हा सन्मान जाहीर झाला. प्रकृती ठीक नसल्यामुळे तो स्वीकारण्यासाठी ते लंडनला जाऊ शकले नाहीत. २१ मार्च, १९९७ रोजी वयाच्या ८५व्या वर्षी रॉडबरो येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

वेल्समधील टोविन येथे टॅलिलिन रेल्वेच्या स्थानकाला लागून असलेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात ऑड्री यांची अभ्यासिका पुन्हा मांडून ठेवण्यात आली आहे. एम्नेथ येथील सेंट एडमंड चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवलेली आहे. ब्रिटिश रेल्वेच्या एका विद्युत इंजिनालाही त्यांचे नाव देण्यात आले होते.