फ्लूच्या मागावर निघालेला माणूस

अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील पसाऱ्याने भरलेली खोली, सुट्टीहून परतलेला एक अबोल डॉक्टर आणि काचेच्या बशीत आगंतुकासारखी उगवलेली बुरशी. शाळेच्या पुस्तकांनी ही गोष्ट घरोघर पोचवली आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. दर जूनमध्ये समोर येणाऱ्या नव्या वर्गाला ही गोष्ट तोंडपाठ असे. मग मी त्यांना सांगे की, पेनिसिलिन ज्या निबंधातून १९२९ साली जगापुढे आले, त्याच्या शीर्षकातच इन्फ्लुएंझाचा जंतू आहे. मुले चमकत. फ्लूचा आणि पेनिसिलिनचा संबंध काय? तो संबंध कळायला दहा वर्षे मागे, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जावे लागते.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील आयरशायर परगण्यात, डार्व्हल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घरात आठ भावंडे, त्यांत यांचा नंबर सातवा. सात वर्षांचे असताना वडील गेले. तेराव्या-चौदाव्या वर्षी अलेक लंडनला भावाकडे आला आणि थोडेफार शिकून एका जहाज कंपनीत कारकून झाला. चार वर्षे त्याने हिशेबाच्या वह्या भरल्या. मग एका काकांच्या मृत्युपत्रातून थोडे पैसे मिळाले आणि विशीतल्या या कारकुनाने १९०१ साली सेंट मेरीजच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. लंडनमधल्या इतक्या विद्यालयांतून हेच का निवडले? तर तेथील संघाविरुद्ध तो पाण्यातला पोलो खेळला होता म्हणून! १९०६ साली डॉक्टर होऊन ते तेथेच आल्मरॉथ राइट यांच्या लसविभागात रुजू झाले आणि जवळजवळ आयुष्यभर त्याच आवारात राहिले.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि राइट आपल्या साहाय्यकांसह फ्रान्समधील बुलोन बंदरात गेले. एका जुगारघराचे रुग्णालय झाले होते. तेथेच प्रयोगशाळा थाटली. गोळीने नव्हे, तर जखमेत शिरलेल्या जंतूंनी माणसे मरताना फ्लेमिंग रोज पाहत होते. जंतुनाशक द्रव्य ओतून काही होत नव्हते. त्यांनी काचेची नळी तापवून तिला आतून खाचा-टोके काढली, खोल जखमेसारखी, आणि दाखवून दिले की द्रव्य त्या कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाही. उलट शरीराच्या स्वतःच्या शिपायांना, पांढऱ्या पेशींना, तेच मारते. जंतू मरेल पण माणसाच्या पेशीला धक्का लागणार नाही, असे काही असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच घर करून बसला असावा.

आणि १९१८ साली फ्लू आला. आपल्याकडे तो त्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरता सरता आलेल्या दुसऱ्या लाटेने गावेच्या गावे ओस पाडली. जुनी माणसे त्या साथीला मानमोडी म्हणत. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तिकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बुलोनजवळच्या विमरो येथील लष्करी रुग्णालयात, फ्लेमिंग रोग्यांचे स्राव तपासत होते. रोग कशाने होतो याचे एक उत्तर तेव्हा तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली एक बारीक जीवाणू शोधून तोच फ्लूचे कारण असल्याचे जाहीर केले होते. अडचण एवढीच की, काही रोग्यांत तो सापडे आणि काहींत सापडत नसे; आणि न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांत भलतेच जंतू, न्यूमोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस, मुबलक दिसत. फायफरचा जंतू नीट वाढवता यावा म्हणून फ्लेमिंग यांनी सोपी पोषकद्रव्ये तयार केली आणि १९१९ साली लॅन्सेट नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. खरा गुन्हेगार कोण, हे मात्र ठरेना.

युद्ध संपले, फ्लेमिंग सेंट मेरीजला परतले, पण नाक-घशाने त्यांची पाठ सोडली नाही. सर्दी-पडशातल्या शेंबडात जंतू विरघळवणारे एक द्रव्य त्यांना सापडले. १९२२ साली त्यांनी त्याचे वर्णन लायसोझाइम या नावाने केले. हे द्रव्य आपल्या अश्रूंतही असते. माणसाच्या पेशींना अपाय न करता जंतू मारणारी वस्तू असू शकते, याचा तो पहिला दाखला. पण घातक जंतूंवर ते फारसे चालत नव्हते.

मग आला सप्टेंबर १९२८ आणि ती प्रसिद्ध बुरशी. तिच्या भोवतीचे पुवाचे जंतू विरघळून गेले होते. फ्लेमिंग यांनी बुरशीचा रस एकेका जंतूवर घालून पाहिला. पू करणारे जंतू मेले, न्यूमोकॉकस मेला, घटसर्पाचाही मेला. फायफरचा जंतू मात्र जसाच्या तसा! दुसरा कोणी हे अपयश मानून पुढे गेला असता. फ्लेमिंग यांना विमरोची जुनी डोकेदुखी आठवली असणार. घशातल्या स्रावात इतर जंतूंची एवढी गर्दी होई की फायफरचा जंतू त्यात झाकून जाई. आता बशीत हा रस घातला की गर्दी हटे आणि तो एकटा उरे. शेतातले तण काढावे तसा हा उपयोग. निबंधाच्या शीर्षकातला फ्लू तो हाच. पुढची कित्येक वर्षे सेंट मेरीजमध्ये बुरशीचा रस मुख्यतः याच कामासाठी, लसी तयार करताना, वापरला जात होता.

मला ही सगळी हकीकत फार चटका लावते. पेनिसिलिनने जे जंतू मारले, तेच न्यूमोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस १९१८ च्या रोग्यांच्या फुप्फुसांत शिरले होते. ज्याला तो वाचवीत राहिला, तो फायफरचा जंतू फ्लूचे कारण नव्हताच. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला आणि फायफरचा जंतू मूळ आरोपातून सुटला. तरी त्याच्या शास्त्रीय नावात इन्फ्लुएंझा कायमचा राहून गेला. तो अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा त्याचाच एक प्रकार आहे आणि आपल्या बाळांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत त्याच्यावरचा डोस असतो.

मग १९१८ साली माणसे मेली कशाने? त्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकेतील संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ साली निष्कर्ष मांडला : बहुतेक मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. विषाणू श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढतो. धूळ-जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस त्याबरोबर जातात. मग एरवी घशात गपगुमान राहणारे जीवाणू उघड्या दारातून खाली फुप्फुसांत उतरतात. दार फोडणारा एक आणि घर लुटणारा दुसरा.

बुरशीच्या रसातून औषध शुद्ध करणे फ्लेमिंग यांना जमले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. पेनिसिलिन दिलेले चार जगले, उरलेले चार सकाळपर्यंत मेले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग वारले. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, भारतीय पेनिसिलिन तयार होऊ लागले.

नोबेलच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक छोटी कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेतो; जंतू मरत नाहीत, पण औषधाला सरावतात. तेच जंतू पुढे त्याच्या बायकोला न्यूमोनिया देतात, त्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. औषध नुकतेच हाती आले असताना, सत्काराच्या प्रसंगी, हा माणूस धोक्याची घंटा वाजवीत होता.

ती घंटा आपण ऐकली का? २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा १९१८ ची आठवण डॉक्टरांच्या मनात होती आणि प्रतिजैविके सढळ हाताने दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली आकडे जाहीर केले : रुग्णालयात दाखल झालेल्या करोना रुग्णांपैकी प्रतिजैविकांची गरज पडावी असा जीवाणूंचा संसर्ग सुमारे ८ टक्क्यांनाच होता, औषध मात्र सुमारे ७५ टक्क्यांना मिळाले. विषाणूवर या गोळ्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. होतो तो आपल्या पोटातल्या-घशातल्या जीवाणूंवर. आणि त्यांतले जे टिकतात, ते अधिक चिवट होऊन टिकतात.

घराघरांत आज हेच चालते. सर्दी-ताप आला की मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून निघतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दोन-तीन दिवसांपुरत्या येतात. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंचे असतात आणि विश्रांतीने, गरम पेजेने उतरतात. पण उतरलेला ताप चार-सहा दिवसांनी थंडी वाजून पुन्हा चढला, बरगडीत कळ येऊ लागली, गंजाच्या रंगाचा किंवा पिवळा कफ पडू लागला, धाप लागली, तर मात्र घरी बसू नये. विषाणूने फोडलेल्या दारातून दुसरा कोणी शिरलेला असू शकतो. तेव्हा डॉक्टर तपासून, कफ पाहून, छातीचा फोटो काढून ठरवतील. आणि औषध दिलेच, तर सांगितले तितके दिवस घ्यावे. या घशात नेमका कोणता जंतू आहे, हे विमरोच्या त्या रुग्णालयात फ्लेमिंग यांना कळत नव्हते आणि दहा वर्षे ते त्याच्या मागावर राहिले. आज ते कळायची साधने जिल्ह्याच्या गावी आहेत. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी तेवढी विचारणा करणे काही अवघड नाही.