विश्लेषण : मुलीच्या पोलिओतून उभे राहिले मुलांचे रुग्णालय! कोण होत्या फातिमा इस्माईल? लाखनीच्या पालकांना त्यांची गोष्ट का माहीत असावी?

मूल वेळेवर मान धरत नाही, उभे राहत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, हे सर्वात आधी घरातल्या माणसांच्याच लक्षात येते. मग सुरू होते ती फिरफिर. लाखनी तालुक्यातल्या पालकांसाठी ती ग्रामीण रुग्णालयापासून भंडाऱ्यापर्यंत आणि तिथून नागपूरच्या मेडिकलपर्यंत जाते. सुमारे ८० वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका आईनेही अशीच फिरफिर केली होती. तिची मुलगी चालू लागली, पण आई तिथे थांबली नाही. त्या आईचे नाव फातिमा इस्माईल. दिव्यांग मुलांच्या उपचारांची महाराष्ट्रात जी पहिली घडी बसली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी नेमके काय केले आणि त्यातले आजच्या पालकांच्या कामाचे काय आहे?

कोण होत्या फातिमा इस्माईल?

फातिमा यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०३ रोजी झाला. त्या मुंबईच्या सोबानी कुटुंबातल्या. त्यांचे भाऊ उमर सोबानी हे गिरणीमालक आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली, ती उमर यांच्याच गिरणीच्या आवारात. देशासाठी तोटा सोसण्याची सवय त्या घराला होती.

लग्नानंतर फातिमा यांची स्थिती अवघड होती. पती ब्रिटिश सरकारच्या नोकरीत असल्याने त्यांना उघड राजकारण करता येत नव्हते. त्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेचे काम हाती घेतले. बायकांचे शिक्षण आणि त्यांच्या हाताला काम, हे त्या कामाचे मुख्य विषय होते. १९४२ च्या चले जाव आंदोलनात मात्र भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. सभा भरवणे, वर्गणी जमवणे, अधिकाऱ्यांच्या दारात न कंटाळता जाणे, हे सगळे त्या याच काळात शिकल्या. पुढे हेच त्यांच्या कामी आले.

मुलीला काय झाले?

१९४० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या वेळी तिचे वय तीन वर्षांच्या आसपास होते. पोलिओची लस तेव्हा जगात कुठेच नव्हती. पहिली लस १९५५ मध्ये आली. मुलगी पुन्हा चालेल अशी आशा मुंबईच्या डॉक्टरांनी दिली नाही.

फातिमा यांनी शोध सुरू ठेवला. मद्रासमध्ये डॉ. एम. जी. किणी हे अस्थिरोगाचे नामवंत शल्यचिकित्सक होते. त्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. तिथे अनेक महिने उपचार चालले. त्यानंतर मुलीला पुण्यात आणले. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराने तिथे पुनर्वसन केंद्र सुरू केले होते. सैनिकांसाठीचे ते तंत्र एका लहान मुलीसाठी वापरले गेले. हळूहळू मुलगी पायांवर उभी राहिली आणि चालू लागली.

पोलिओत व्यायामाला इतके महत्त्व का?

पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हलण्याचा आदेश देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्या पेशी मेल्या की स्नायू लुळा पडतो. त्वचेला स्पर्श मात्र कळत राहतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण वाचलेल्या पेशींकडून आणि शिल्लक स्नायूंकडून जास्तीत जास्त काम करून घेता येते. त्यासाठी नियमित व्यायाम लागतो. तो झाला नाही तर सांधे आखडतात, हाडांची वाढ वाकडी होते आणि जे वाचले असते तेही हातचे जाते.

म्हणजे हा उपचार एका गोळीचा किंवा एका शस्त्रक्रियेचा नव्हता. तो महिनोन्‌महिने, रोज आणि प्रशिक्षित हातांनी करायचा होता. मद्रासला जाऊन महिनोन्‌महिने राहणे फातिमा यांना परवडले. गिरणी कामगाराच्या घराला ते परवडणारे नव्हते. उपचार आहे, पण तो पोहोचत नाही, हा प्रश्न फातिमा यांना इथेच दिसला.

मुलगी चालू लागल्यावर त्या थांबल्या का नाहीत?

मुंबईत परतल्यावर त्यांनी पोलिओ झालेल्या इतर मुलांसाठी दवाखाना काढायचे ठरवले. स्वतःची जागा नव्हती. प्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी जागा देऊ केली आणि मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, दवाखाना सुरू झाला. त्याच वर्षी संस्थाही स्थापन झाली. तिचे नाव होते सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन, म्हणजेच आजची एसआरसीसी. त्या नावातला एक शब्द आज कोणी वापरणार नाही, पण तेव्हा तोच रूढ होता.

पोलिओ झालेल्या मुलांची संख्या मोठी आणि जागा लहान, अशी अडचण लवकरच आली. फातिमा यांनी सरकारकडे पाठपुरावा केला. पुढे हाजी अली येथे जागा मिळाली आणि तिथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. फातिमा स्वतः डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर, सरकार आणि पालक यांना एकत्र आणणे, हे त्यांचे काम होते.

हाजी अली परिसरात पुढे पुनर्वसनाच्या आणखी सोयी आल्या. केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली. तीही इथलीच. उपचार संपल्यावर मोठ्या झालेल्या मुलांनी पोट कसे भरायचे, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी फातिमा यांनी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही संस्था काढली. तिथे दिव्यांगांना कामाचे प्रशिक्षण आणि रोजगार मिळू लागला. आपल्यानंतर मुलाचे काय, ही काळजी प्रत्येक पालकाला असते. या संस्थेतून त्यांनी तिला उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

हा धागा नागपूरपर्यंत कसा पोहोचला?

रुग्णालय बांधून भागत नव्हते. व्यायाम करून घेणारी माणसे हवी होती आणि देशात ती जवळपास नव्हतीच. ही उणीव त्याच काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयात भरून निघू लागली. भौतिकोपचाराचे म्हणजे फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय तिथे १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. त्याआधी, १९५० मध्ये, तिथेच व्यवसायोपचाराचे म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे आशियातले पहिले विद्यालय सुरू झाले होते. ते सुरू केले कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या.

फिजिओथेरपीत स्नायू, सांधे आणि हालचाल यांवर काम होते. ऑक्युपेशनल थेरपीत मुलाला स्वतः जेवता यावे, बटण लावता यावे, पेन्सिल धरता यावी, वर्गात बसता यावे, याची तयारी करून घेतली जाते. मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या पालकांना हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो.

या शास्त्राचे पुढचे विद्यालय नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये सुरू झाले. त्यामागेही कमलाबाई होत्या. विदर्भ तेव्हा मुंबई राज्याचा भाग होता. लाखनीहून मूल घेऊन नागपूरच्या मेडिकलमध्ये थेरपीसाठी जाणारे पालक याच परंपरेच्या दारात उभे असतात.

संसदेत आणि त्यानंतर

फातिमा यांना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, तेही याच काळात. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दोन्ही गोष्टी पाहायला फातिमा नव्हत्या. दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदाही त्यांच्यानंतर, १९९५ मध्ये आला. त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांनाही त्यात जागा मिळाली. सिकलसेलचे रुग्ण पूर्व विदर्भात मोठ्या संख्येने असल्याने इथल्या पालकांसाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

लाखनीच्या पालकांनी आज सुरुवात कुठून करावी?

फातिमा यांना सगळे स्वतः शोधावे लागले. आज पालकांना पुढील दारे ठोठावता येतात.

• तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ० ते १८ वयोगटातल्या मुलांची तपासणी मोफत असते. पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. शंका आल्यास पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविका, आशा किंवा ग्रामीण रुग्णालयाला लगेच सांगावे. कमी वयात सुरू झालेल्या थेरपीचा फायदा जास्त होतो.

• प्रमाणपत्र : यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून ठरलेल्या रुग्णालयात तपासणी करावी लागते. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. लहान मुलांचे प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे त्यावरची तारीख पाहून ठेवावी.

• शाळा : ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षकांची आणि शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी घरी शिक्षणाची तरतूद आहे. त्यासाठी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा गट साधन केंद्रात विचारावे.

• पैसा : संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा मुद्दा ग्रामसभेत मांडता येतो. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

• विमा आणि पालकत्व : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. त्यात थेरपीचा खर्चही येतो. याच चार गटांतले मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याचे कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती देते.

मग अडते कुठे?

योजना कागदावर आल्या तरी अंतर कमी झालेले नाही. थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायची असते. लाखनीहून भंडारा वीस-पंचवीस किलोमीटर आहे आणि नागपूर त्याच्याही पुढे साठेक किलोमीटर. मूल कडेवर घेऊन एसटीने जायचे, रांगेत थांबायचे आणि अर्ध्या तासाच्या व्यायामानंतर परत यायचे, यात दिवस जातो. रोवणीच्या दिवसांत तर एका दिवसाची मजुरी सोडणेही जड जाते. चार फेऱ्यांनंतर थेरपी बंद पडते आणि पालकांनीच दुर्लक्ष केले, असा ठपका येतो.

फातिमा यांच्या कामाचीही इथे मर्यादा दिसते. त्यांचे रुग्णालय मुंबईत उभे राहिले आणि तज्ज्ञही मोठ्या शहरांतच राहिले. तालुक्याच्या ठिकाणी नियमित थेरपी मिळावी, हे काम अजून बाकी आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातले ठरावीक दिवस थेरपिस्ट आला, तर लाखनीसारख्या गावातल्या कितीतरी मुलांचे उपचार अर्धवट सुटणार नाहीत.

तोपर्यंत पालकांना दोन गोष्टी करता येतील. पहिली, प्रत्येक भेटीत घरी करायचे व्यायाम थेरपिस्टकडून शिकून घ्यायचे, मोबाइलवर व्हिडिओ काढण्याची परवानगी मागायची आणि ते रोज करायचे. दुसरी, एकट्याने न फिरता तालुक्यातल्या इतर पालकांना सोबत घ्यायचे. एका आईचा अर्ज टेबलावर पडून राहू शकतो. वीस पालक एकत्र गेले, तर अधिकाऱ्याला तारीख द्यावी लागते. मे १९४७ मधला तो दवाखानाही एका आईने इतरांची मुले आपली मानली, म्हणूनच सुरू झाला होता.